तालमीच्या फळ्यावरचं 'सप्रेस'

कोल्हापुरात एखाद्या दिवशी पेपर आला नाही तरी कुणाचं अडत नाही. चौकातला फळा मात्र वेळेवर लिहिलेला लागतो. आमच्या पेठेतल्या तालमीचा असा एक काळा फळा आहे. कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाची म्हैस सुटली, पाणी उद्या येणार नाही, कोण वारलं आणि रक्षाविसर्जन किती वाजता, हे सगळं तिथं कळतं.

दोन वर्षांपूर्वी मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. त्याच आठवड्यात तालमीचे अध्यक्ष घरी आले. "सर, रोज एक इंग्लिश शब्द लिवत जावा फळ्यावर. पोरं परीक्षांना बसत्यात, तेवढाच आधार." मी हो म्हटलं. वर्गात उभा जन्म बोलून ज्याचं कुणी ऐकलं नाही, त्याला चौकात उभं राहून लिहायला मिळणं ही बढतीच होती. तेव्हापासून रोज सकाळी मी जातो, वर शब्द लिहितो, खाली मराठी अर्थ, त्याखाली वाक्यात उपयोग. शब्द माझ्या जुन्या डिक्शनरीतून क्रमानं घेतो, पानाला एक. 'ए'पासून सुरुवात केली होती. कुणी एखाद्या शब्दावर बोट ठेवलं तर हा क्रम माझ्या कामी येईल असं वाटलं होतं. आला नाही.

फळ्याला लागून पेंटरांचं दुकान आहे. एके काळी अर्ध्या शहराच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि पेंटरांच्या ब्रशाला नंबरप्लेटी तेवढ्या उरल्या. फळ्याला वर्षातून दोनदा काळा रंग देणं आणि खडूचा डबा सांभाळणं ही कामं त्यांच्याकडे आहेत, आणि माझ्या अक्षराबद्दल मत देणंही. "सर, तुमचा 'एस' लई वाकतोय," ते म्हणतात. "कुणाला सलाम करतोय?"

या फळ्याला कायदा आहे. तो तालमीच्या वस्तादांनी केला. वस्ताद म्हणजे कुस्तीचे गुरुजी. पेठेतल्या तीन पिढ्यांना त्यांनी मातीत लोळवलं, आणि अध्यक्षांनाही. पूर्वी एका गणपतीत दोन गटांनी एकमेकांचा मजकूर पुसून पुसून फळ्याचा रंग काढला होता, तेव्हा वस्तादांनी निकाल दिला: ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं. अपवाद एकच, मयताची बातमी. ती कशावरही लिहिता येते आणि रक्षाविसर्जनापर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. घटनेत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण या कायद्याला अजून कुणी धक्का लावलेला नाही. वस्ताद स्वतः मात्र गुडघ्यांमुळे गारगोटीला लेकीकडे राहायला गेले होते.

त्या गुरुवारी डिक्शनरीत माझी पाळी 'सप्रेस'वर आली. अर्थ लिहिला: दडपणे, दाबणे. हे क्रियापद शिकवताना मला नेहमी इंग्रजांची गंमत वाटत आली आहे. सरकारनं बंड मोडलं तरी सप्रेस आणि सद्गृहस्थानं जांभई आवरली तरी सप्रेस. आपण इतके काटकसरी नाही. आपण बंड मोडतो, बातमी दडपतो, राग गिळतो, हसू दाबतो. प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवावा तसं प्रत्येकाला वेगळं क्रियापद ठेवलंय. दडपण्याच्या कामात मराठी माणसाला शब्दांची टंचाई कधी भासलेली नाही.

वाक्यासाठी मी फार विचार केला नाही. डिक्शनरीतलंच उचललं: दे सप्रेस्ड द रिपोर्ट. खाली मराठी: त्यांनी अहवाल दडपला. खडू पेंटरांकडे दिला आणि चहाला गेलो.

चहा संपायच्या आत अध्यक्ष समोर. अध्यक्षांचा पांढरा शर्ट एरवी बारा वाजेपर्यंत तरी टिकतो. त्या दिवशी तो नऊलाच घामानं पाठीला चिकटला होता.

"सर, फळ्यावर काय लिवलायसा?"

"शब्द."

"शब्द दिसतोय की. वाक्यातलं 'दे' म्हंजे कोण?"

"कुणीच नाही. ते सर्वनाम आहे."

"सर्वनाम आमास्नी पण कळतंय. पण चौकात लिवल्यावर सर्वनामाला लगीच चेहरा येतोय, सर." ते खुर्ची ओढून जवळ बसले. "आणि रिपोर्ट कसला?"

"कसलाच नाही. डिक्शनरीतला."

"मग डिक्शनरीत दुसरं काय हाय बघा की. चांगलं, घरगुती कायतरी. ह्या रविवारी साहेब येणार. ऐन वक्ताला फळ्यावर असलं नगं."

आता साहेबांचं सांगायला हवं. तालमीच्या अंगणात एक सुटी खोली आहे, तिच्यात अंगणवाडी भरते. पंचवीसेक पोरं. त्यांच्या आया आसपासच्या घरांत धुणीभांडी करतात; जाताना पोरं ठेवतात, येताना नेतात. त्या खोलीच्या स्लॅबवर पत्र्याचं शेड मारून तालमीनं जिम काढायचं ठरवलं होतं. साहेबांनी मशिनी दिल्या होत्या. साहेब नेमके कशाचे साहेब हे पेठेत कुणीच विचारत नाही. फ्लेक्सवर त्यांचा फोटो देवाच्या फोटोपेक्षा मोठा असतो, त्यावरून समजून घ्यायचं. रविवारी त्यांच्या हस्ते उद्घाटन होतं. व्यासपीठावरच्या खुर्च्यांची यादी अध्यक्षांनी मला शुद्धलेखनासाठी दाखवली होती. मान्यवर एकवीस होते. श्रोत्यांची सोय कुठं, असं मी विचारलं तर म्हणाले, "मान्यवरच इतके हायत की श्रोत्यांची गरज न्हाय."

मी त्यांना म्हटलं, दुसरं वाक्य आहे: ही सप्रेस्ड अ स्नीझ. त्यानं शिंक दाबली.

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "हां! शिंक! शिंकंवर कुणाचं काय म्हणणं असणार? आत्ता जाऊन बदला."

मी निघालो. हे कबूल करायला हवं, कारण नंतर पेठेत माझी जी तारीफ झाली ती या चालण्याशी जुळत नाही. ते वाक्य मी एका चिठ्ठीवर लिहूनही घेतलं, म्हणजे स्पेलिंग चुकू नये. पेंटरांकडून डस्टर घेतलं. फळ्यावर हात ठेवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, पुसताय?"

अंगणवाडीच्या ताई होत्या. हातात पोरांच्या खिचडीचं पातेलं. पेठेत सगळे त्यांना ताईच म्हणतात. पोरंही आणि पोरांचे आजेही.

"बदलतोय जरा. दुसरं वाक्य जास्त सोपं आहे."

"हे काय अवघड आहे?" त्या म्हणाल्या. "मला इंग्रजी येत नाही, तरी मला पहिल्यांदा वाचल्यावरच कळलं."

पातेलं पेंटरांच्या फळीवर ठेवून त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. गिलाव्याचा ढपला होता, भाकरीएवढा. एका बाजूला सळईचा तांबडा, गंजका ठसा.

"सुट्टीत पडला. पाट्या ठेवतो त्या फळीवर. पोरं असती तर..." त्यांनी ढपला उलटा करून दाखवला. "दिवाळीत पेठेतलाच एक इंजिनिअर येऊन हातोडीनं स्लॅब वाजवून गेला. मी बघितलंय. दोन पानं दिलीत म्हणे त्यानं. तीनदा विचारलं. अध्यक्ष म्हणतात रिपोर्ट अजून आलाच नाही. मी पोरांच्या चटया ओल्या डागापासून लांब, एका भिंतीला सरकवल्यात. आणि आता वर मशिनी चढणार."

"ऑफिसला कळवा की मग."

"कळवलं की खोली बंद. अंगणवाडी जाणार पार तिकडच्या वॉर्डात. ह्या बायका कामावर जायच्या आधी पोरं तिथवर कशी पोचवणार? घरात कोंडून जातील. म्हणून मीपण गप्प बसले." ढपला त्यांनी परत गुंडाळला. "तुमचं वाक्य वाचलं आणि वाटलं, बरं झालं, सरांना कळलं."

मला काहीही कळलेलं नव्हतं. माझी फक्त 'एस'ची पाळी होती. पण एवढ्या विश्वासानं बघणाऱ्या बाईला हे सांगायचं धैर्य झालं नाही, आणि पुसायचंही नाही. चिठ्ठी खिशात घातली, डस्टर पेंटरांना दिलं आणि उन्हाचं निमित्त सांगून घरी गेलो. धैर्याचा आणि पळपुटेपणाचा रस्ता कधी कधी एकाच गल्लीतून जातो.

दुपारपर्यंत पेठेनं त्या वाक्याला आपापले अर्थ लावले होते. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी फोन करून विचारलं, तपासणीचा रिपोर्ट तुम्हाला कुणी दाखवला? दूध संकलनवाल्यानं आडवळणानं सांगितलं की फॅटचं मशीन आता दुरुस्त झालंय. एका डॉक्टरांनी नुसता नमस्कार केला, पण तीनदा. एका साध्या वाक्याला इतके मालक निघतील असं डिक्शनरी करणाऱ्याला वाटलं नसेल.

अध्यक्षांची मात्र पंचाईत झाली. मी पुसत नाही, आणि माझ्याशिवाय कुणाला पुसता येत नाही. कायदा वस्तादांचा. आता फळा मोकळा करू शकेल असं एकच काही होतं, आणि ते मागून मिळत नाही.

शुक्रवारी सकाळी ते मिळालं.

तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वस्तादांच्या नातजावयानं त्यांचा तरुणपणीचा फोटो टाकला. खांद्यावर चांदीची गदा, खाली दोन जोडलेले हात. त्याला सुप्रभात म्हणायचं होतं. पण आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा जुना फोटो आणि जोडलेले हात एकत्र दिसले की हात आपोआप चालतात. पहिल्यानं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दुसऱ्यानं, 'वस्ताद, परत या'. तिसऱ्यानं पेठेचा आधारवड कोसळवला. दहा मिनिटांत साठ जण रडले. मीही 'अत्यंत दुःखद' असं लिहिलं. मी तर व्याकरण तपासून लिहिलं.

गारगोटीला फोन लावावा असं सगळ्यांनाच सुचलं. सगळ्यांनी एकदम लावल्यामुळे तो एंगेज लागत राहिला. "फोन एंगेज म्हंजे घरात गडबड हाय," असं ठरलं. सहा जण हार घेऊन जीपनं गारगोटीला निघाले. फ्लेक्सवाल्याला दहा बाय आठची ऑर्डर गेली.

मी चौकात पोचलो तेव्हा अध्यक्ष फळ्यापुढं उभे होते. डोळे ओले होते, ते खोटं नव्हतं. लहानपणी त्यांनी वस्तादांचा मार खाल्लेला आहे आणि त्यांच्या हातचं थंडाईचं भांडंही प्यायलंय. पण दुःखाच्या खालून एक सुटकेचा श्वास बाहेर पडत होता, तो त्यांना काही केल्या दाबता येत नव्हता. ओल्या फडक्यानं त्यांनी माझं 'सप्रेस' स्वतः पुसलं, वाक्यासकट, कडेपर्यंत. मग मोठ्या अक्षरांत लिहिलं: आमचे आधारस्तंभ वस्ताद यांचे दुःखद निधन. शोकाकुल, अध्यक्ष व समस्त तालीम. अध्यक्ष हा शब्द वस्ताद या शब्दापेक्षा मोठा आला होता.

"उद्घाटन?" मी विचारलं.

"वस्तादांची इच्छा हुती पोरांनी व्यायाम करावा. रविवारी व्हईल. श्रद्धांजलीपर." मग हळूच म्हणाले, "मशिनी आज दुपारी येत्यात."

दुपारी पेंटर जुम्म्याच्या नमाजाला निघाले. खडूचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "सर, सांभाळा. लागंल."

तिसऱ्या प्रहरी चौकात दोन गाड्या एकदम आल्या. एक मशिनींचा टेम्पो, चार हमालांसह. दुसरी गारगोटीला गेलेली जीप. जीपमधून आधी सहा माणसं उतरली, माना खाली घालून. मग काठी उतरली. मग वस्ताद. गळ्यात झेंडूचा हार होता.

चौकात एवढी शांतता मी कर्फ्यूतही पाहिली नाही.

"काय बघालाय?" वस्ताद म्हणाले. "भाकरी खात हुतो. ही सा जणं दारात येऊन रडाय लागली. म्हटलं कोण मेलं? तर मला बघून एक जण दारातच बसला. म्हटलं, हार आणलायसा तर घाला की, फुकट कशाला घालवायचा? आणि कुणाला फोन करू नगासा, मीच येतो."

कुणीतरी हसलं आणि थांबलं. अध्यक्ष पुढं येऊन पाया पडले. वस्तादांनी त्यांच्या डोक्यावरून फळ्याकडे पाहिलं. पाऊण मिनिट स्वतःचं निधन वाचलं.

"अक्षर कुणाचं?"

"माझं, वस्ताद," अध्यक्ष म्हणाले. "चूक झाली. लगीच पुसतो."

"पुसशील. ह्येच्या आधी हितं काय हुतं?"

अध्यक्ष फडकं शोधू लागले. पेंटर नमाजाहून परतले होते, दुकानाच्या पायरीवरून म्हणाले, "सरांचा शब्द हुता."

"सरांनी पुसला?"

"न्हाय. अध्यक्षांनी."

"मयत झालंय म्हणून पुसला. मयत झालंच न्हाय, म्हंजे पुसायचा हक्क न्हाय." एवढा स्वच्छ न्याय मी कोर्टातही ऐकलेला नाही. "तू तुझं पूस. सर, तुमी तुमचं पुन्यांदा लिवा."

अध्यक्षांनी आपल्याच हातानं आपला शोक पुसला. माझ्याजवळ खडूचा डबा होताच. खिशात चिठ्ठीही होती, शिंकेची. बोटांना ती लागली. समोर हमाल पहिलं मशीन टेम्पोतून खाली घेत होते, आणि अंगणवाडीच्या दारात ताई उभ्या होत्या, चौकटीला धरून. मी कालचंच वाक्य लिहिलं. 'एस' नेहमीपेक्षा जास्त वाकला.

"वाचा."

वाचलं. मराठीतही.

"कसला रिपोर्ट?" वस्तादांनी विचारलं.

डिक्शनरीतला, असं मी परत म्हणू शकलो असतो. ताई चालत आल्या आणि कागदातला ढपला त्यांनी वस्तादांच्या हातात दिला. वस्तादांनी तो उलटा केला, गंजाच्या ठशावरून अंगठा फिरवला आणि वर स्लॅबकडे बघितलं. सगळं आयुष्य माणसाच्या अंगात कुठं जोर आहे आणि कुठं नाही हे बघण्यात गेलेलं. त्यांना दोन पानं लागली नाहीत.

"वस्ताद, तसं काय न्हाय," अध्यक्ष सुरू झाले. "जुना गिलावा हाय. स्लॅब खणखणीत हाय."

"व्हय? मग चढवा मशिनी."

असं म्हणून वस्ताद काठी टेकत अंगणवाडीत शिरले. ताईंनी पोरांना पटापट अंगणात काढलं. वस्ताद आत ओल्या डागाच्या बरोबर खाली गेले, गुडघ्यांना शिव्या देत पोरांच्या चटईवर बसले, आणि आतून ओरडले, "चढवा रं! मी सकाळीच मेलोय. आता आनि काय पडायचं ऱ्हायलंय ते पडू दे."

हमालांनी अध्यक्षांकडे बघितलं. मशीन दोन हात उचललेलं तसंच होतं.

"चढवायचं न्हवं?" त्यातला एक म्हणाला. "हात भरून आलं, पावणं."

"थांबा," अध्यक्ष म्हणाले.

"का थांबा?" आतून आवाज. "स्लॅब खणखणीत हाय की!"

"वस्ताद, भाईर या. पाया पडतो."

"रिपोर्ट आला का न्हाय ते सांग. मग येतो."

सगळा चौक अध्यक्षांकडे बघत होता. मशिनीचं ओझं हमालांच्या हातात होतं, पण घाम अध्यक्षांना फुटला होता. शेवटी ते तालमीच्या ऑफिसात गेले. टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला, मग पुष्कळ कागद सरकवल्याचा. निमंत्रणपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली होता. नीट घडी घालून, फाइलमध्ये. आमच्याकडे कागद दडपतात तेसुद्धा जपून.

इंग्रजीत होता, म्हणून वाचायला मीच. चौकात उभं राहून दोन्ही पानं मराठीत सांगितली: सळया गंजल्यात, ओल आतपर्यंत गेलीय, स्लॅबवर कसलंही वजन ठेवू नये, दुरुस्ती होईपर्यंत खाली माणसं बसवू नयेत. माझ्या सगळ्या नोकरीत एवढ्या लक्षपूर्वक ऐकणारा वर्ग मला मिळाला नव्हता.

"पोरास्नी न्यायचं कुठं पण?" गर्दीतून एका पोराची आई म्हणाली. तिच्या हाताला अजून साबण होता. "खोली बंद झाली तर आमी कामाला जायाचं कसं?"

वस्तादांना दोघांनी धरून बाहेर आणलं. त्यांनी तालमीकडे काठी केली. "ही काय तालीम ओस पडलीय. हितं बसवा."

तालमीत लाल मातीचा हौदा आहे, मारुती आहे, आणि आजवर बाई आत गेलेली नाही. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून तो जास्त कडक होता. ताई उंबऱ्याशी थांबल्या. अध्यक्षांनी तेवढ्यातही तोंड उघडलं, "वस्ताद, रीत..."

"रीत कुणी केली?"

"तुमीच."

"मी मेलो न्हवं सकाळी? मेल्या माणसाची रीत कुठवर चालवायची?" मग ताईंकडे वळले. "या की बाई आत. माती खाऊ नगंसा म्हणावं पोरास्नी. ताक, हळद सगळं घातलंय, पोटाला काय व्हायचं न्हाय, पर चटक लागती."

रविवारी साहेब आले नाहीत; प्रकृती ठीक नाही असा निरोप आला. एकवीस खुर्च्या परत गेल्या. मशिनी अंगणातच उभ्या राहिल्या, आणि ऊन लागू नये म्हणून त्यांच्यावर वस्तादांच्या श्रद्धांजलीचा दहा बाय आठचा फ्लेक्स टाकला. छापून झालाच होता. स्लॅबचं काम कधी निघेल ते निघेल. वस्ताद गारगोटीला परत गेले नाहीत. स्लॅबचं होईस्तोवर इथंच, म्हणाले. अध्यक्ष माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि दुरुस्तीचा अर्ज इंग्रजीतून लिहून द्या म्हणाले. तो लिहून दिला.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी मी पुढचा शब्द लिहायला गेलो तर तालमीचा दरवाजा उघडा होता. आत हौद्याच्या कडेनं पोरं चटयांवर बसली होती. खडूचा डबा उघडताना खिशातली ती चिठ्ठी खाली पडली. ताईंनी उचलली, उलगडली.

"हे काय, सर?"

"गुरुवारी लिहिणार होतो ते वाक्य. शिंकेचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. समजायचं ते समजल्या असाव्यात. चिठ्ठी घडी घालून परत दिली. "ठेवा," म्हणाल्या. "पण हितं उपयोगाचं नाही."

मी आत डोकावलं. कुणीतरी हौद्यातली माती उडवली होती. तिचा तांबडा धुरळा दारातल्या उन्हात तरंगत होता, आणि पंचवीसच्या पंचवीस पोरं मारुतीसमोर मोठमोठ्यानं शिंकत होती.